निळ्या लाटा अणुचाचणीमुळे नाहीत

'अरबी समुद्रात अणुचाचणी झाली, म्हणून मालवण-रत्नागिरीच्या लाटा रात्री निळ्या चमकतात. मासे सोडा, आयोडीनचं मीठ जास्त खा.' हा मेसेज चुकीचा आहे. ती चमक नॉक्टिल्युका या सूक्ष्म जिवाची; पाणी हललं की तो उजळतो. पाण्याखालचा अणुस्फोट लपत नाही, त्याचा आवाज टिपायला जगभर ११ केंद्रं आहेत. भारताच्या १९७४ आणि १९९८ च्या चाचण्या पोखरणला, जमिनीखाली झाल्या.

भीती मला कळते. १९५४ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेने केलेल्या अणुस्फोटाची राख जपानी होडीतल्या २३ मच्छीमारांवर पडली होती. पण जास्त मिठाने किरणोत्सर्ग अडत नाही, रक्तदाब मात्र वाढतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधी सांगा. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. मच्छी विकणाऱ्या बायांच्या पोटावर पाय येतोय.