तीस गुंठे, पंचेचाळीस घोडे

पुण्यात फ्लॅट आणि पुरंदरात तीस गुंठे, अशी ज्याची अवस्था आहे त्याने जुना ट्रॅक्टर घेतलाच पाहिजे. कारण उघड आहे. दर रविवारी तुम्ही कारने दिवे घाट चढता, बांधावर कमरेवर हात ठेवून उभे राहता, घरून आणलेला डबा खाता आणि परत येताना सासवडला अंजीर विकत घेता. पुरंदरात स्वतःची जमीन असताना अंजीर विकत घ्यायचे, ही गोष्ट कुठेतरी टोचत असतेच. शेजारचे तात्या तुम्हाला ‘सायेब’ म्हणतात. हा शब्द आदराचा नाही, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

ट्रॅक्टर घेतला की हे सगळं बदलतं. मी घेतलाय, म्हणून अधिकाराने सांगतो.

सर्वांत आधी, हिशेब करू नका. मी बँकेत ३१ वर्षं काढली. त्यातली सात ग्रामीण शाखेत, ट्रॅक्टरच्या कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, “क्षेत्र किती?” दोन-अडीच एकरवाला समोर बसला की मी चष्मा काढून त्याला समजवायचो की बाबा रे, हा हत्ती तुला पोसवणार नाही, भाड्याने काम करून घे. चहा पाजून किती जणांना परत पाठवलं असेल, देव जाणे.

तोच प्रश्न स्वतःला मात्र विचारायचा नाही, कारण उत्तर फार लवकर येतं. माती भुसभुशीत करणारा पाच फुटी रोटाव्हेटर ताशी तीन किलोमीटरने चालला, तर वळणं-बिळणं धरून तासाभरात तीस-पस्तीस गुंठे उरकतो. म्हणजे तुमची अख्खी इस्टेट एका तासात. नांगरटीला पावणेदोन तास धरा. वर्षातून दोनदा रोटा, एकदा नांगर, एकदा सरी. झाले पाच तास, फार ताणलं तर सहा. आमच्या भागात भाड्याचा ट्रॅक्टर तासाला हजार-बाराशे घेतो, म्हणजे वर्षाचे सहा-सात हजार. मी ट्रॅक्टरला घातलेले २ लाख ७५ हजार मुदत ठेवीत राहिले असते तर सात टक्क्यांनी नुसतं व्याजच वर्षाला एकोणीस हजार आलं असतं. त्यात भाडं भागून वरच्या पैशांत हंगामभर अंजीर आले असते. पाहिलंत? म्हणूनच म्हणतो, हिशेब करू नका.

घ्यायचा तर मोठाच घ्या. अठरा-वीस एचपीचे छोटे ट्रॅक्टर मिळतात. फळबागेत दोन ओळींमधून जावेत म्हणूनच ते अरुंद बनवलेले असतात. पॉवर टिलर तर त्याहून स्वस्त. पण टिलरच्या मागे चालावं लागतं, आणि मागे चालणाऱ्याचा फोटो कोण काढतो? आपल्याला ४५ एचपी पाहिजे. गुंठ्याला दीड घोडा. सीताफळाच्या ओळींत तो शिरत नाही, शिरलाच तर बाहेर येताना दोन-चार फांद्या घेऊन येतो. छाटणीची मजुरी वाचली. वळायला दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा फूट जागा मोकळी ठेवावी लागते, ती तुमच्याच तीस गुंठ्यांतून जाते, कारण तात्या आपल्या बांधाला चाक लागू देत नाहीत.

ट्रॅक्टर बघायला जाताना फोन करून, वेळ ठरवून जा. न सांगता कुणाच्या दारात टपकणं आपल्या पुण्याच्या रीतीला धरून नाही. मला एजंट म्हणाला, “सायेब, अकरानंतर या, निवांत बघू.” मी अकराला पोचलो तर इंजिन गरम. आत्ताच पलीकडच्या रानात एक चक्कर मारली म्हणाले. चावी फिरवायचा अवकाश, गाडी सुरू. काय ते इंजिन! काही संशयी लोक म्हणतात की सकाळी सातला, गार इंजिनावर जावं, सेल्फ किती वेळ मारावा लागतो ते मोजावं आणि पहिला धूर कोणत्या रंगाचा येतो ते बघावं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी पडतेय, नाहीतर डिझेल जास्त जातंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर पाणी आत शिरतंय. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण काढलं आणि भकभक वाफारा बाहेर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, असंही ते सांगतात. असल्या लोकांना बरोबर नेऊ नका, सौदा नासतो. मी मेव्हण्याला नेलं होतं. तो हिंजवडीत आयटीत आहे. त्याने चारी बाजूंनी फिरून रंग छान असल्याचं सांगितलं.

रंग छान होताच. इतका सढळ हाताने मारलेला की ग्रीसच्या निप्पलांवरही दोन हात चढले होते. निप्पल रंगाखाली असेल तर ग्रीस आत जातं कुठून, हा प्रश्न मला पुढे आठ महिन्यांनी पडला.

मीटरवर १,८४० तास होते. मीटर मी नीट वाचला, क्लचचं पेडल वाचायचं राहिलं. पेडलवरच्या खाचा झिजून ते, त्यात बघून दाढी करावी इतकं गुळगुळीत झालं होतं. तास मोजणाऱ्या मीटरची केबल सोडली की ट्रॅक्टरचं वय तिथेच थांबतं. ही सोय पेन्शनरांसाठी अजून निघालेली नाही.

“फकस्त शेतात चाललाय सायेब, ऊस वाहिलाच न्हाय.” हे वाक्य पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरबरोबर फुकट मिळतं. मग गळीत हंगामात मागे दोन-दोन ट्रॉल्या लावून आणि वर भोंग्यांवर गाणी लावून कारखान्याच्या रस्त्याला जे ट्रॅक्टर दिसतात ते कुणाचे, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. ट्रॉली जोडायच्या मागच्या पट्टीचं भोक नवं असताना गोल असतं. माझ्या ट्रॅक्टरचं पावट्याच्या दाण्यासारखं लांबट झालेलं होतं. मी एजंटाला विचारलं. तो म्हणाला, “कंपनीनंच तसं दिलंय, पिन घालाया सोपं जातं.” मला कंपनीचं कौतुक वाटलं.

कागदपत्रांवर फार वेळ घालवू नये. सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा असतो तसा आरसी बुकावरही असतो. कर्ज देणाऱ्याची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म दिल्याशिवाय तो उतरत नाही. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण, ट्रॉलीची नोंदणी वेगळी. आयुष्यभर लोकांचे बोजे चढवले-उतरवले, त्यामुळे मला हे सगळं पाठ होतं. तरीही “कागद आठ दिसांत घरपोच” या वाक्यावर मी पूर्ण रक्कम मोजून दिली. कागद सात महिन्यांनी आले.

ट्रॅक्टर स्वतः चालवत आणा. कारच्या लायसन्सवर तो चालवता येतो. कायद्याने आपल्यावर टाकलेला हा विश्वास पाहून ऊर भरून येतो. मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात, शेतात जागच्या जागी वळता यावं म्हणून. रस्त्यावर येताना दोन्ही पेडलं एकत्र जोडणारी पट्टी लावायची असते. ती पट्टीही रंगाखाली चिकटलेली होती. सासवडच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं, मी उजवं पेडल दाबलं आणि ट्रॅक्टर अत्यंत आज्ञाधारकपणे उजवीकडे वळून एका रसवंतीच्या दारात उभा राहिला. मालकाने शांतपणे विचारलं, “किती ग्लास?” मी एक फुल सांगितला, बर्फ न घालता. हात थरथरत होते, तो अर्धा सांडला.

आता देखभाल. ट्रॅक्टर घेणं एका रविवारचं काम, देखभालीला पुढचे सगळे रविवार आहेत.

माझ्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात इंजिन ऑइल दर अडीचशे तासांनी बदलायला सांगितलंय. वर्षाला पाच तास, म्हणजे आपली पाळी पन्नास वर्षांनी. मी हे मिस्त्रीला सांगितलं तेव्हा त्याने तोंडातली बिडी काढून माझ्याकडे नीट पाहिलं. उभ्या गाडीचं ऑइलही खराब होतं, वर्षाला बदलायचंच, असं त्याचं मत पडलं. उभ्या ट्रॅक्टरला काय काय होतं याची कल्पना शहरात येत नाही. बॅटरी उतरते. अर्ध्या भरलेल्या डिझेलच्या टाकीत हवेतला ओलावा साचून पाणी धरतं, ते फिल्टरपर्यंत येतं आणि तुम्ही ताडपत्री काढून मोठ्या उत्साहाने सेल्फ मारता तेव्हा ट्रॅक्टर नुसता खोकतो. मग फिल्टर बदला, पाइप सैल करून लायनीतली एअर काढा, हात डिझेलने माखा. तेवढ्यात उंदरांनी वायरिंग खाल्लेलं असतं. पावसाळाभर ताडपत्रीखाली इतकी ऊबदार जागा दिल्यावर त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा तरी काय ठेवणार?

जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरला खाली ऑइलची वाटी असते. हवेतली धूळ त्यात बसते आणि स्वच्छ हवा इंजिनात जाते. कोरड्या रानात रोटा मारताना ही वाटी रोज उघडून बघायची असते. मी पहिल्यांदा उघडली ती वर्षाने. आत ऑइल नव्हतं, पुरंदरची माती होती, वाटीच्या आकारात घट्ट बसलेली. उलटी करून ठोकल्यावर मोदकासारखी अख्खी निघाली.

सीटच्या उजव्या हाताला हायड्रॉलिकचे दोन दांडे आहेत. एकाने अवजार किती खाली-वर राहील ते ठरतं. दुसरा, जमीन कडक लागली आणि नांगरावर ताण आला की नांगर आपोआप थोडा उचलून घेतो. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाने ही युक्ती गेल्या शतकात रूढ केली आणि जगभरचे ट्रॅक्टर अजून त्याच तत्त्वावर नांगरतात. माझ्या ट्रॅक्टरवर त्या दुसऱ्या दांड्याला लाल चिंधी बांधलेली आहे. “त्याला हात लावायचा न्हाय,” एजंटाने बजावलं होतं. मी लावलेला नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर डिपस्टिक काढली तर ऑइल चहाच्या रंगाचं. कोरा नव्हे, दुधाचा. बायको म्हणाली, “अहो, हे असंच असतं का?” मी म्हटलं, ग्रेड वेगळी असेल. मिस्त्रीने बोट लावून वास घेतला आणि निकाल दिला, “लायनरची रबरं गेली, पाणी ऑइलमधी आलंय. हाफ इंजिन करावं लागंल.” हाफ म्हटल्यावर मला बरं वाटलं. नंतर कळलं की हाफ म्हणजे पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंग सगळं नवं, फक्त क्रँक बाहेर काढायची नाही. या हाफचे अठ्ठेचाळीस हजार झाले. फुल इंजिनाला किती लागतात, हे मी विचारलं नाही. प्रकृती जपायला हवी.

पार्ट आणायला नाना पेठेत गेलो. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, “कंपनीचा देऊ, लुधियानाचा देऊ, का चालणारा देऊ?” मी चालणारा घेतला. तो चालला नाही. परत गेलो तर म्हणाला, “काका, बसवणाऱ्याने नीट बसवायला पाहिजे.” मिस्त्री म्हणाला, “आणणाऱ्यानं नीट आणाया पायजे.” दोघांचंही बरोबर होतं.

एवढा मोठा ट्रॅक्टर ठेवायचा कुठे, हा प्रश्न उरतो. आमच्या सोसायटीत पाहुण्यांच्या स्कूटरवरून सर्वसाधारण सभा होतात, तेव्हा तो विषय सोडा. तात्यांच्या गोठ्यात ठेवा. चावी त्यांच्याकडेच राहू द्या, अडीअडचणीला लागते. उभा राहून खराब होण्यापेक्षा चाललेला बरा, असं तात्या म्हणाले आणि ते यांत्रिकदृष्ट्या अगदी खरं आहे. तेव्हापासून बॅटरी उतरली नाही, उंदीर फिरकले नाहीत. तात्यांच्या चार एकरांतला वाटाणा यंदा सुंदर आला, त्यातला पाच किलो त्यांनी आवर्जून घरी पाठवला. खंडेनवमीला झेंडूची माळ, हळदकुंकू सगळं तेच करतात, नारळ फोडायला मला बोलावतात. आणि ‘सायेब’ म्हणण्याचा त्यांचा सूर खरंच बदलला आहे. “सायेब, डिझेल संपलंय.”

गेल्या जूनमध्ये मात्र थोडी गंमत झाली. दोन पाऊस चांगले झाले, मग उघडीप पडली, वापसा आला, म्हणजे जमीन मशागतीजोगी झाली. मी रजा टाकल्यासारखा मधल्या वारीच जमिनीवर हजर. माझा ट्रॅक्टर तात्यांच्या रानात. त्यांनी लांबूनच हात केला, “आमचं चार एकर उरकलं की लगेच तुमचं घेतो!” वापसा काही कुणासाठी थांबत नाही, पश्चिमेला आभाळ भरून आलं होतं. शेवटी मी भाड्याचा ट्रॅक्टर बोलावला. तासाला अकराशे. पन्नास मिनिटांत झालं. ड्रायव्हर पोरगा पैसे मोजताना म्हणाला, “काका, तुमच्याकडं ट्रॅक्टर हाय म्हणत व्हते ना?”

तर हे वाचून तुमचा निश्चय पक्का झाला असेलच. योगायोग असा की माझा ट्रॅक्टर सध्या द्यायचा आहे. ४५ एचपी. हाफ इंजिन नुकतंच केलंय. रंग या दिवाळीला नवा मारलाय. मीटरवर फक्त १,८४० तास. कागद माझ्या नावावर, बोजा नाही. बँकेतल्या माणसाने वापरलेला, फक्त शेतात चाललेला, ऊस कधी वाहिलेला नाही. तात्यांच्या गोठ्यात उभा आहे, जरूर बघायला या. तेवढा आधी फोन करा, आणि सकाळी लवकर येऊ नका. अकरानंतर या, निवांत बघू.