‘काकू’ म्हणालात, तिथूनच सुरू करते

गणवेशाच्या सक्तीवरचा लेख मागच्या सोमवारी टाकला. प्रतिक्रिया बऱ्याच आल्या, बहुतेक ‘छान लिहिलंय’ छापाच्या. एक मात्र लांबलचक, ऐरोलीहून, रात्री पाऊण वाजता लिहिलेली. तिच्याखालीच चार ओळी लिहून मोकळी होणार होते, पण चाराच्या चाळीस झाल्या, म्हणून वेगळं टाकते आहे.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भाच्याला शाळेत सोडायला गेले होते. फाटकाशी राखाडी स्पोर्ट्स शूज घातलेल्या एका मुलाला अडवलं आणि घरी पाठवलं. मी लिहिलं की शाळेने केलं ते बरोबर केलं. नियम ठेवायचा तर पाळायला लावायचा, नाहीतर ठेवूच नये. ऐरोलीच्या वाचकांचं म्हणणं असं की गणवेश असू दे, पण बूट-मोज्यांपायी पोराला फाटकातून परत पाठवणं म्हणजे आईबापाच्या खिशाची शिक्षा पोराला देणं. एवढंच लिहिलं असतं तर मी आनंदाने वाद घातला असता. पण आपल्या प्रतिक्रियेची सुरुवात अशी आहे: ‘काकू, नौपाड्यात इस्त्रीच्या घडीत वाढलेल्यांना शिस्त फार आवडते.’

आता एकेक शब्द घेऊ.

काकू. आपण आपल्या फोटोशेजारी मुलीचा दहावीचा निकाल लावला आहे, त्याबद्दल तिचं अभिनंदन. म्हणजे आपण माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी लहान. रिक्षावाला मला ताई म्हणतो, भाजीवाली मावशी म्हणते, वाण्याकडचा पोरगा काकू म्हणतो, माझी कशालाच ना नाही. पण वादाच्या पहिल्याच शब्दाला ‘काकू’ आलं की ते नातं नसतं. ती ‘तुम्ही जरा बाजूला बसा’ म्हणायची रीत असते. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं की हाच सूर लागतो, बँकेत व्याजाचा हिशेब मागितला की हाच. मला तो लांबून ओळखू येतो. हा लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर आपण ‘काका’ म्हणून सुरुवात केली असती का? ‘सर’ म्हणाला असतात.

नौपाडा. राहते मी ठाण्याच्या नौपाड्यात, खरं आहे. २०११ पासून, आणि भाड्याने. वाढले वागळे इस्टेटच्या मागे, दहा बाय बाराच्या खोलीत, चाळीतल्या आठ बिऱ्हाडांत दोन संडास. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची. माझे बाबा तिथल्या एका कंपनीत फिटर होते. मी सहावीत असताना कंपनीला टाळं लागलं आणि हिशेबाचे पैसे हातात पडेपर्यंत मी कॉलेजात गेले होते. मधली वर्षं आईच्या शिवणाच्या मशीनवर निघाली. नौपाड्याशी माझा तेव्हाचा संबंध इतकाच की शाळा तिथे होती आणि मी तिथवर चालत जायचे.

आणि इस्त्री. ती घरात नव्हती. कोळशाची नाही आणि विजेचीही नाही. धुतलेला गणवेश जरा दमट असतानाच नीट घडी करून गादीखाली सरकवायचा आणि वर आम्ही तीन भावंडांनी झोपायचं. धाकटा रात्री फार वळवळायचा, मग सकाळी शर्टावर भलतीकडेच घडी पडलेली असायची. ही आमची इस्त्रीची घडी. तीत वाढले मी.

पाचवीत, १९८३ साली, माझा पिनाफोर शिवला. बाबांची नोकरी होती तोवरचं ते शेवटचं नवं कापड. आईने खाली चार बोटं दुमड ठेवली होती. सहावीच्या जूनमध्ये दोन बोटं उसवली, सातवीच्या जूनमध्ये उरलेली दोन. ज्याने हे कधी घातलंय त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. वरचं कापड धुवून धुवून राखाडी झालेलं. सहावीत सोडलेली पट्टी त्याहून गडद. सातवीत सोडलेली कोरी करकरीत निळी. आणि जुन्या घडींच्या जागी पांढरट झिजलेल्या दोन रेघा, कितीही निळीत बुडवा, जात नाहीत. मी बसल्यावर दप्तर मांडीवर घ्यायचे ते त्यासाठी.

माझ्या बाकावर राम मारुती रोडवरच्या एका डॉक्टरांची मुलगी होती. तिला दर जूनला नवा पिनाफोर. जवळून पाहिलं तर फरक कळायचा, नाही कशाला म्हणू? पण प्रार्थनेच्या रांगेत आम्ही सगळ्या निळ्या. व्यासपीठावरून बघणाऱ्याला डॉक्टरांची कोण आणि फिटरची कोण ते कळत नसे. मला तेवढं पुरे होतं. वाढदिवसाला मात्र रंगीत कपडे घालून यायची मुभा होती, वर्गात गोळ्या वाटायच्या. ओळीने तीन वर्षं माझ्या वाढदिवसाला माझं पोट दुखलं. शेवटी वर्गबाईंनी विचारलं, ‘दर वर्षी याच तारखेला कसं गं दुखतं तुझं?’

तेव्हा गरिबाच्या पोरीला गणवेश कसा काचतो हे मला शिकवू नका. मला काचायचा तो गणवेश नसलेला दिवस.

तुम्ही म्हणाल (आणि ‘आपण’ लिहायचा मला आता कंटाळा आलाय) की मी गणवेशाला कुठे विरोध केलाय, मी बुटांबद्दल बोलतोय. बरं. बूट.

शनिवारी पी.टी. असायची. पांढरा गणवेश, पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांना आदल्या रात्री ओला खडू फासायचा. माझ्या उजव्या बुटातून अंगठा बाहेर आला होता. आतून पुठ्ठा लावून वरून मी खडू फासला होता, चांगला दोन थर. सरांनी ओळीतून जाताना काठीचं टोक नेमकं तिथे टेकवलं. पुठ्ठा आत गेला. ‘धड बूट घालून ये, मग वर्गात बस.’ मी वागळेपर्यंत चालत गेले. आईने मशीन थांबवलं, शेजारच्या बिऱ्हाडातून त्यांच्या मोठ्या मुलाचे बूट मागून आणले, पुढे कापूस कोंबला आणि मला परत धाडलं. शेवटच्या तासाला मी वर्गात होते. गणिताचा तास बुडाला तो बुडाला. तेच बूट मी मार्चपर्यंत घातले. आईने शाळेला एका शब्दाने बोल लावला नाही, मीही नाही. मोडले का मी? तुम्हाला एवढं लांबलचक उत्तर लिहिते आहे, म्हणजे नसेनच.

(हा मजकूर टाकण्याआधी बहिणीला वाचायला दिला. तिने विचारलं, त्या दिवशी रस्त्यात रडली होतीस ते नाही लिहिलंस? त्याचा इथे काही संबंध नाही.)

बाकीचे मुद्दे झटपट घेते.

एक चूक दाखवलीत, ती मान्य. सरकारनेही अख्ख्या राज्यात एक गणवेश आणला आहे, असं मी लिहिलं होतं. ती गोष्ट जुनी झाली. ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून २०२४-२५ साली कापड एकगठ्ठा घेतलं, शिवणकाम महिला बचत गटांना दिलं. शाळा सुरू झाल्या तरी कित्येक मुलांच्या अंगावर गणवेश नव्हता, आला तो अनेकांना मापात बसेना. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. वाक्य दुरुस्त केलं आहे. चूक दाखवली की मी सुधारते, एवढं तरी लक्षात ठेवा. बाकी ते मापाचं आणि वाटपाचं अपयश झालं, त्याचा फाटकावरच्या शिस्तीशी काय संबंध जोडलात ते मला दोनदा वाचूनही कळलं नाही.

शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ तुम्ही माझ्या तोंडावर फेकलंत. वाचलंय मी ते. मुलाला शारीरिक शिक्षा नको, मानसिक त्रास नको. मान्यच आहे. ‘बूट बदलून ये’ हा त्रास असेल तर ‘पाढे पाठ करून ये’ हाही त्रासच. पुढे.

ठरावीक दुकानातूनच गणवेश घ्या म्हणणाऱ्या शाळा. ती लूटच आहे, त्यात वाद नाही. जांभळी नाक्यावर तेच कापड किती स्वस्त मिळतं हे मला माहीत आहे. पण तो वेगळा विषय आहे.

ठाण्याच्या जुलैत चामड्याचे बूट वाळत नाहीत, हेही तुम्ही मला समजावून सांगितलंत! आमच्याकडे अजून फ्रिजच्या मागे वर्तमानपत्र कोंबलेले बूट असतात. बऱ्याच शाळा पावसाळ्यात काळ्या सँडल चालवतात. नसतील चालवत तर पालकसभेत सांगा, माझ्या लेखाखाली कशाला?

आणि शेवटी तुम्ही विचारलंय: ‘फाटकातून परत पाठवल्यावर तो मुलगा कुठे गेला?’ मला कसं ठाऊक असणार? माझी रिक्षा थांबलेली होती, मीटर पडत होतं. घरी गेला असेल. आठवी-नववीतला होता, काही लहान नव्हता. मी होते तेव्हा तर सातवीतच होते.

तुमचं उत्तर आलं तर छापेन, मी कुणाच्या प्रतिक्रिया उडवत नाही. मात्र दिवसाउजेडी लिहा, रात्री पाऊण वाजता माणूस लिहितो त्यात निम्मा राग दुसऱ्याच कुणावरचा असतो.

तो पिनाफोर आईच्या पेटीत अजून आहे. दिघा गाव झाल्यापासून ऐरोली ठाण्याहून दुसरं स्टेशन, काही लांब नाही. खोटं वाटत असेल तर या आणि पट्ट्या मोजा. चहा देईन. काकू म्हणालात तर बिनसाखरेचा.