नसा मोकळ्या केल्याने स्त्रीबीजे वाढत नाहीत

माझ्या मावसबहिणीच्या फ्रिजच्या दारात, दह्याच्या भांड्याशेजारी, सध्या आयव्हीएफसाठी (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासाठी) लागणाऱ्या हार्मोनच्या इंजेक्शनांचा डबा असतो. गेल्या रविवारी त्या डब्याखाली मला इकोस्प्रिन 75 ची, म्हणजे अ‍ॅस्पिरिनची, पट्टी दिसली, त्यातल्या चार गोळ्या संपलेल्या होत्या. ही डॉक्टरांनी दिली का, असे विचारताच तिने काही न बोलता फोन पुढे केला. नातेवाइकांच्या गटावर आलेला तो संदेश तिच्या सासूबाईंनी तिला आवर्जून वाचायला लावला होता. त्याचा सारांश असा: अंडाशयाच्या नसा आखडल्यामुळे तिथे रक्त पोहोचत नाही, म्हणून एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारे हार्मोन) कमी येते आणि इंजेक्शनांना प्रतिसाद मिळत नाही, यावर रोज रक्त पातळ करणारी लहान गोळी घ्यावी म्हणजे स्त्रीबीजे दुप्पट होतात, एरंडेल तेलाने ओटीपोट जोर लावून चोळून घ्यावे, बीट-डाळिंबाचा रस प्यावा, आणि वर्षभर हे केल्याशिवाय आयव्हीएफच्या वाटेला जाऊ नये. मी परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हा संदेश माझ्याच घरातल्या, सात दिवसांपासून पोटात सुई टोचून घेणाऱ्या मुलीपर्यंत पोहोचला, याचा मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

पहिला मुद्दा रक्त न पोहोचण्याचा. अंडाशयाला एक धमनी थेट महाधमनीतून येते आणि गर्भाशयाच्या धमनीची एक शाखाही त्याला मिळते. अंडाशयाचा रक्तपुरवठा खरोखर तुटतो तो अंडाशयाला पीळ पडल्यावर, आणि तेव्हा बाई वेदनेने कळवळत, उलट्या करत रुग्णालयात येते व तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. सोनोग्राफीला चालत जाऊन घरी स्वयंपाकाला परतणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हे झालेले नसते. एएमएच हे लहान फॉलिकलच्या, म्हणजे ज्यात स्त्रीबीज असते त्या अंडाशयातल्या पिशवीच्या, पेशींमधून स्रवते, म्हणजे ते शिल्लक साठ्याचा अंदाज देते, नसांची अवस्था सांगत नाही. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याजवळ दहा ते वीस लाख स्त्रीबीजे असतात आणि पुढे ती कमीच होत जातात. त्यातही ज्या सुप्त फॉलिकलचा हा साठा असतो, त्यांना स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. त्यांचे पोषण भोवतालच्या ऊतींतून झिरपून होते. फॉलिकल वाढू लागल्यावरच त्याच्याभोवती रक्तवाहिन्यांचे जाळे विणले जाते. म्हणजे जे फॉलिकल मुळात उरलेलेच नाही, ते रक्त वाढवून आणता येत नाही.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते मान्य करणे भाग आहे. ज्या फॉलिकलभोवती रक्ताचा संचार कमी आणि ज्याच्या द्रवात प्राणवायू कमी, त्यातल्या स्त्रीबीजांत गुणसूत्रांचे दोष अधिक आढळतात, असे अमेरिकेतील जोनाथन व्हॅन ब्लेर्कॉम आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवले होते. मात्र हा फरक एकाच अंडाशयातल्या शेजारशेजारच्या फॉलिकलमध्येही दिसतो, त्यामुळे सगळ्या शरीराच्या 'नसा मोकळ्या' करून तो भरून निघेल असे त्यातून निघत नाही. शिवाय कार्यकारणाचा बाण पुष्कळदा उलट्या दिशेचा असतो. अंडाशय अकाली थकलेल्या तरुण स्त्रियांच्या दंडावर पट्टा फुगवून, तो सोडल्यावर धमनी किती रुंदावते हे ग्रीसमधील संशोधकांनी मोजले. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ती कमी रुंदावत होती, आणि हार्मोन दिल्यावर सुधारली. अंडाशय मंदावल्यामुळे इस्ट्रोजेन घटले आणि त्यामुळे नसा बिघडल्या, असा तो क्रम आहे.

आता गोळी, कारण सर्वांत जास्त नुकसान याच ओळीत आहे. 'दुप्पट स्त्रीबीजे' हा आकडा हवेतून आलेला नाही. ब्यूनोस आयर्समध्ये 298 स्त्रियांवर झालेल्या आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज 100 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या गटाला खरोखरच जवळपास दुप्पट स्त्रीबीजे मिळाली होती. संदेश लिहिणाऱ्याने तिथेच वाचन थांबवले. 2005 मध्ये फिनलंडमधील 374 स्त्रियांवर तीच मात्रा तपासली गेली, तेव्हा अंडाशयाच्या प्रतिसादात काहीही फरक पडला नाही. पुढे कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या 2016 च्या आढाव्यात 13 चाचण्या आणि 2653 सहभागी एकत्र तपासले गेले आणि आयव्हीएफ करणाऱ्या सर्वसाधारण स्त्रियांना सरसकट अ‍ॅस्पिरिन देण्याच्या बाजूने पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. 1999 मधल्या एका चाचणीचे उत्तर इतक्या कामानंतर टिकले नसताना तेच आजही घरोघरी फिरवले जात आहे. अ‍ॅस्पिरिन रक्त पातळही करत नाही; रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटण्याचे ते रोखते, आणि स्त्रीबीजे काढताना योनीच्या भिंतीतून अंडाशयात सुई घालायची असते तेव्हा नेमके हेच डॉक्टरांना आधी ठाऊक असायला हवे. काही स्त्रियांना अ‍ॅस्पिरिन विचारपूर्वक दिले जाते, उदाहरणार्थ अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम या रक्तात गुठळ्या होणाऱ्या आजारात. ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिले आहे त्यांनी हे वाचून ते बंद करू नये.

'जितके रक्त अधिक तितके बरे' ही समजूतही धोक्याची आहे. इंजेक्शनांनी पुष्कळ फॉलिकल वाढले की त्यांतून व्हीईजीएफ नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात बाहेर पडते, रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात, पोटात पाणी साठते, उरलेले रक्त घट्ट होते आणि गुठळ्यांची भीती निर्माण होते. पोट फुगणे, एकाएकी वजन वाढणे, लघवी कमी होणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे आहेत. त्याला ओएचएसएस (अंडाशय अति उत्तेजित होण्याचा आजार) म्हणतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. रक्तवाहिन्यांची हालचाल वाढणे म्हणजे सुपीकता असे मानणाऱ्याने हा एक आजार तरी वाचायला हवा होता.

पोट चोळण्याबद्दल मी थोडक्यातच, पण ठामपणे लिहिते. एरवी सुमारे तीन सेंटिमीटरचे असलेले अंडाशय इंजेक्शनांच्या काळात कितीतरी मोठे आणि जड होते, आणि वर सांगितलेला पीळ पडण्याचा धोका त्याच दिवसांत वाढतो. अशा वेळी ओटीपोटावर जोर लावणे घातक आहे. बीट आणि डाळिंब खुशाल खावे, ते अन्न आहे. धूम्रपान सोडण्याचा सल्ला मात्र त्या संदेशात नाही, जरी नसा आणि अंडाशय या दोहोंना ते खरोखर मारते.

राहिला प्रश्न वर्षभर थांबण्याचा. काही आठवडे मागेपुढे झाल्याने सहसा बिघडत नाही, पण बहीण आता सदतिसाव्या वर्षात आहे आणि या वयात साठ्याबरोबर स्त्रीबीजांचा दर्जाही घसरत असतो. हा सल्ला देणाऱ्याला ते वर्ष परत करता येणार नाही.

सोमवारी सकाळी तिने उपचार केंद्रात फोन केला आणि चार गोळ्या घेतल्याचे सांगितले. किती मिलिग्रॅमच्या, शेवटची कधी घेतली, हे त्यांनी विचारून तिच्या कागदावर नोंदवले, कारण स्त्रीबीजे काढण्याचा दिवस याच आठवड्यात होता.