महत्त्वाचे. पुसू नये.

खण आवरताना एक सीडी-आर हाती लागली. वर मार्करनं, माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'महत्त्वाचे. पुसू नये.' काय महत्त्वाचं, ते लिहायची गरज तेव्हा वाटली नसावी. शिवाय सीडी-आरवर एकदा लिहिलं की ते पुसायचं म्हटलं तरी पुसता येत नाही, पण दम भरून ठेवलेला बरा.

ड्राइव्हनं डिस्क गिळली, घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. मग कम्प्युटर म्हणाला, डिस्क रिकामी आहे. शक्यच नाही! एका जाणकार मित्राला फोन लावला. "कम्प्युटरला कशाला विचारतोस? थेट ड्राइव्हला विचार. तो बरंच पोटात ठेवून असतो."

त्यानं सांगितलेला सीडीरेकॉर्ड नावाचा प्रोग्रॅम चालवला. ड्राइव्हनं आधी स्वतःचीच ओळख करून दिली. कंपनीच्या नावाला 8 अक्षरं, मॉडेलला 16, फर्मवेअरच्या, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रॅमच्या, आवृत्तीला 4. त्यात बसेल तेवढंच नाव. मित्र म्हणाला, डीव्हीडीचा रीजन कोडही, म्हणजे जगाच्या कुठल्या भागातल्या डीव्हीडी चालतील ते ठरवणारा आकडाही, बघून घे, तो 5 वेळाच बदलता येतो. बघितलं, तर एकच संधी शिल्लक. बाकीच्या 4 कुणी उधळल्या, याची घरात चौकशी केली. सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं.

मग डिस्क बोलू लागली. सीडी-आरच्या खोबणीला कारखान्यातच एक बारीक नागमोड दिलेली असते आणि त्या नागमोडीत एटिप नावाची माहिती दडलेली असते. माझ्या डिस्कचा लीड-इन, म्हणजे माहितीच्या आधीचा भाग, सुरू होतो म्हणे 97 व्या मिनिटाला. डिस्क 80 मिनिटांची! मी मित्राला पुन्हा फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ती शून्याच्या आधीची वेळ आहे. घड्याळ 99 मिनिटं, 59 सेकंद, 74 फ्रेम्सपर्यंत जातं आणि मग शून्यावर येतं. एका सेकंदात फ्रेम्स 75." मी "अस्सं होय" म्हणालो. कळलं नाही की मी असंच म्हणतो.

त्या वेळेच्या आकड्यांतच निर्मात्याची खूण असते. ती यादीत ताडून बघितली, तर वेष्टनावर एक कंपनी आणि जन्मदाती भलतीच. इतकी वर्षं मी वेष्टनावरच्या नावावर भाळून डिस्का घेत होतो! आतला रंग सायनाइन की थॅलोसायनाइन, याचाही अंदाज त्याच आकड्यांवरून बांधतात. अर्थात निर्माता खरं बोलला असेल तर.

एवढं सगळं डिस्कनं सांगितलं. मी तिच्यावर काय लिहिलं, तेवढं मात्र नाही. "अरे, एटिप कोऱ्या डिस्कवरही असतं," मित्र म्हणाला, "खाली स्टेटस काय दिसतंय?"

कोरी.

म्हणजे इतकी वर्षं मी एक कोरी डिस्क डोळ्यांत तेल घालून जपली. ज्या डिस्कवर ते महत्त्वाचं खरोखर उतरवलं होतं, तिच्यावर बहुधा काहीच लिहिलेलं नाही, आणि मागच्याच आवराआवरीत मी कोऱ्या म्हणून दहा-बारा डिस्का टाकून दिल्या होत्या.

मार्कर शोधला. जुन्या ओळीखाली लिहिलं, 'रिकामी आहे. तरी पुसू नये.' आणि डिस्क परत खणात.