‘हप्ता एकदा ठरला की ठरला’: कॅनडातल्या दिवाळखोरीबद्दलचा एक महागात पडणारा सल्ला

कॅनडात दिवाळखोरीचा अर्ज करायला निघालेल्या माणसाला ओळखीपाळखीतून एक सल्ला हमखास मिळतो, आणि तो पुढे पुढे पाठवलाही जातो. त्याचा मजकूर साधारण असा (ट्रस्टी म्हणजे दिवाळखोरीचं प्रकरण चालवणारा परवानाधारक व्यावसायिक): ‘ट्रस्टीकडे सही केली त्या दिवशी महिन्याचा हप्ता ठरतो, तो शेवटपर्यंत बदलत नाही. नंतर पगार वाढला तर गप्प बसा. नोकरी गेली तरी सूट मिळत नाही. ओव्हरटाइम घेऊ नका, सगळा त्यांच्याकडेच जातो. बायकोच्या नावावर कर्ज नसलं तरी तिने नोकरी धरली की तिचा पगार जप्त होतो, म्हणून सगळं संपेपर्यंत तिला घरीच राहू द्या.’

यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे. शेवटचा मुद्दा चुकीचा तर आहेच, शिवाय घातक आहे. कर्जाने आधीच वाकलेल्या घरात येऊ शकणारा दुसरा पगार तो थांबवतो, आणि बहुतेक वेळा तो पगार बाईचा असतो. म्हणून एकेक मुद्दा आकड्यांसकट तपासायला हवा.

आधी हिशेब कसा होतो ते. बँकरप्सी अँड इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट या संघीय कायद्याच्या कलम ६८ मध्ये ‘सरप्लस इन्कम’ची, म्हणजे जादा उत्पन्नाची तरतूद आहे. माणसं किती, त्यानुसार एका घराला नीट जगायला महिन्याला किती लागतं याची मर्यादा सुपरिटेंडंट ऑफ बँकरप्सीचं कार्यालय दर वर्षी जाहीर करतं. कर, पेन्शन आणि बेरोजगारी विम्याची वर्गणी कापून हातात येणारं घराचं उत्पन्न घ्यायचं. त्यातून ठरावीक, टाळता न येणारे खर्च वजा करायचे: मुलांची किंवा घटस्फोटित जोडीदाराची पोटगी, पाळणाघर, आजारपण, कोर्टाने केलेला दंड, नोकरीसाठी सक्तीने करावा लागणारा खर्च. उरलेली रक्कम मर्यादेपेक्षा २०० डॉलर किंवा त्याहून अधिक असेल तर जादा रकमेच्या निम्मे भरायचे. घरभाडं, किराणा आणि गाडीचा हप्ता वजा होत नाहीत, कारण ते मर्यादेत धरलेलेच असतात. इथे अनेकांचा अंदाज चुकतो.

‘हप्ता शेवटपर्यंत बदलत नाही’

बदलतो. दिवाळखोरीच्या काळात दर महिन्याला उत्पन्न आणि खर्चाचं पत्रक भरून, पगाराच्या पावत्या जोडून ट्रस्टीकडे द्यावं लागतं. हप्ता कायम राहणार असता तर हे पत्रक मागायचं कारणच नव्हतं. आर्थिक परिस्थितीत महत्त्वाचा बदल झाल्याचं कळल्यावर ट्रस्टीने हिशेब पुन्हा करायचा, आणि तो करताना कौटुंबिक परिस्थितीही बघायची, असं कलम ६८ सांगतं. ‘कौटुंबिक’ हा शब्द इथे मोलाचा आहे. बाळ झालं की घरातली माणसं वाढतात आणि मर्यादा वर जाते, म्हणजे पगार तोच राहून हप्ता कमी होऊ शकतो. नवराबायको वेगळे झाले की हिशेब उलट्या दिशेने फिरू शकतो.

मग हा समज आला कुठून? बहुधा कन्झ्युमर प्रपोजलमधून. प्रपोजलमध्ये दिवाळखोरी जाहीर होत नाही. कर्ज देणाऱ्यांशी तडजोड करून ठरावीक रक्कम जास्तीत जास्त पाच वर्षांत फेडायची असते. राहत्या घराचं गहाणकर्ज सोडून बाकी कर्ज २,५०,००० डॉलरच्या आत असेल तर हा मार्ग खुला असतो. तिथे मान्य झालेला हप्ता पगार वाढला तरी वाढत नाही. ज्याने प्रपोजल केलं त्याने आपला अनुभव खराच सांगितला असेल, ऐकणाऱ्याने तो दिवाळखोरीला लावला. दोन्ही कामं त्याच परवानाधारक ट्रस्टीकडे होतात, त्यामुळे गल्लत होणं स्वाभाविक आहे. मात्र त्या स्थिरतेची दुसरी बाजूही आहे. प्रपोजलमध्ये उत्पन्न घटलं तरी हप्ता आपोआप उतरत नाही, दुरुस्तीसाठी पुन्हा धनकोंकडे जावं लागतं, आणि तीन महिन्यांचे हप्ते थकले की ते रद्द झाल्याचं धरलं जातं.

‘पगार वाढला तर गप्प बसा’

हा सल्ला देणारा नंतर होणारे परिणाम भोगायला सोबत नसतो. पगाराच्या पावत्या दर महिन्याला जातात आणि दिवाळखोरीच्या वर्षाचं करविवरण ट्रस्टीच्या हातून जातं. लपवलेली वाढ तिथे दिसतेच. परिस्थितीतला बदल ट्रस्टीला कळवणं हे दिवाळखोराचं कायदेशीर कर्तव्य आहे. ते टाळलं तर ट्रस्टी किंवा धनको मुक्ततेला हरकत घेऊ शकतात, आणि जी मुक्तता आपोआप मिळाली असती तिच्यासाठी कोर्टासमोर उभं राहावं लागतं. मुक्तता मिळेपर्यंत कर्जं पुसली जात नाहीत. म्हणजे महिन्याला दोनतीनशे डॉलर वाचवण्याच्या नादात ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच हातचं जायची वेळ येते.

आकारणी चुकीची वाटत असेल तर त्यासाठी सरळ वाट आहे. रकमेवर मतभेद झाला तर मध्यस्थीची सोय कायद्यातच आहे, आणि तिथे न सुटल्यास कोर्ट रक्कम ठरवतं.

यात एक बारकावा आहे, तो प्रामाणिक माणसालाही चकवतो. पगार दर दोन आठवड्यांनी होत असेल तर वर्षाला २६ पगार होतात, २४ नव्हे. समजा, एकेक पगार २,४०० डॉलरचा आहे आणि चौघांच्या घराची मर्यादा ४,७०० डॉलर आहे (हा आकडा फक्त उदाहरणासाठी). नेहमीच्या महिन्यात ४,८०० आले, म्हणजे जादा फक्त १००, तेव्हा भरायचं काही नाही असं वाटतं. पण वर्षातल्या दोन महिन्यांत तीन पगार पडतात, आणि वर्षाची सरासरी ५,२०० निघते. जादा रक्कम ५०० आणि हप्ता २५०. अर्ज करण्यापूर्वीच हे मांडून घ्यावं, नाहीतर मधेच वाढलेला हप्ता अन्याय वाटतो.

‘नोकरी गेली तरी सूट मिळत नाही’

सगळ्या सल्ल्यात या वाक्याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण यावर विश्वास ठेवणारा माणूस नोकरी गेल्यावर ट्रस्टीचा फोन टाळतो आणि उसने पैसे घेऊन हप्ता भरत बसतो.

तीच ४,७०० ची मर्यादा घेऊ. घरात एकच कमावता, हातात ५,५०० येतात. जादा ८००, हप्ता ४००. चार महिन्यांनी नोकरी गेली आणि एम्प्लॉयमेंट इन्शुरन्सचे, म्हणजे बेरोजगारी विम्याचे, महिना २,६०० मिळू लागले. हे पैसेही उत्पन्नात धरतात, पण मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत, म्हणजे त्या महिन्यांत जादा उत्पन्न शून्य. पाच महिने तसेच गेले तर नऊ महिन्यांची सरासरी ३,८८९ च्या आसपास येते, तीही मर्यादेच्या आत.

सरासरीला एवढं महत्त्व का, ते मुदतीमुळे. पहिल्यांदाच दिवाळखोर झालेल्याला, जादा उत्पन्न नसेल आणि कुणी हरकत घेतली नाही तर, नऊ महिन्यांत आपोआप मुक्तता मिळते. जादा उत्पन्न असेल तर एकवीस महिने लागतात. दुसऱ्या वेळी हेच आकडे चोवीस आणि छत्तीस होतात. सप्टेंबर २००९ मध्ये लागू झालेल्या दुरुस्त्यांपासून ही रचना आहे. म्हणून नोकरी गेल्याचं वेळेत कळवलं तर केवळ हप्ता थांबत नाही, एकवीस महिन्यांचं प्रकरण नऊवर येण्याची शक्यताही उघडते. न कळवणारा ही संधी स्वतःहून घालवतो.

जादा उत्पन्न शून्य झालं तरी ट्रस्टीच्या कामाच्या खर्चापोटी करारात ठरलेली मासिक रक्कम सहसा चालू राहते. ती वेगळी गोष्ट आहे. ‘मला सूट मिळाली नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काहींना हीच रक्कम दिसत असावी. तीही झेपत नसेल तर बोलावं.

‘ओव्हरटाइम सगळा त्यांच्याकडेच जातो’

निम्मा जातो. वरच्याच घरात ५,५०० चे ६,१०० झाले तर जादा रक्कम १,४०० आणि हप्ता ७००. सहाशे वाढले, तीनशे भरले, तीनशे घरात राहिले. थकवा आणि घराकडे होणारं दुर्लक्ष धरून निम्म्या मोबदल्यासाठी जास्तीचं काम करावं का, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण तो खऱ्या आकड्यावर घ्यावा.

या मुद्द्यात एक खरी अडचण मात्र आहे, ती नाकारणं योग्य होणार नाही. २०० डॉलरची रेषा एका उंच पायरीसारखी आहे. सरासरी जादा रक्कम १८० असेल तर त्यापोटी काहीच भरायचं नाही आणि नऊ महिन्यांत सुटका. तीच २२० झाली तर महिना ११०, तेही एकवीस महिने, म्हणजे एकूण २,३१० डॉलर आणि आयुष्यातलं आणखी एक वर्ष. महिन्याला चाळीस डॉलरच्या फरकासाठी ही किंमत जड आहे, आणि माझ्या मते कायद्याने ही पायरी अधिक सौम्य करायला हवी. रेषेच्या अगदी जवळ असलेल्याने जास्तीची शिफ्ट घेण्याआधी सरासरी कुठे उभी आहे हे ट्रस्टीला विचारणं यात काहीही गैर नाही. उत्पन्न पुढे नक्की वाढणार असं अर्ज करतानाच दिसत असेल, तर प्रपोजलचा हिशेब शेजारी मांडून बघावा. वाढत्या पगाराच्या माणसाला तो पुष्कळदा परवडतो.

वारसाहक्काचे पैसे मात्र या हिशेबात येत नाहीत. भेट, वारसा, लॉटरी यांना कायदा उत्पन्न मानत नाही, आणि हे वाचून काही जण निश्चिंत होतात. तसं होऊ नये. मुक्ततेपूर्वी मिळालेला वारसा ही मालमत्ता ठरते आणि ती ट्रस्टीकडे जाते, तिथे निम्म्याचा नियम नाही.

‘बायकोचा पगार जप्त होतो, तिला घरीच राहू द्या’

जोडीदार स्वतः दिवाळखोर नसेल आणि त्या कर्जांना जामीन नसेल, तर तिचा पगार ट्रस्टी घेत नाही. तो तिचाच राहतो. मात्र ‘तिच्या पगाराशी संबंधच नाही’ असंही नाही. घराचं उत्पन्न मोजताना तो धरला जातो, आणि मग दिवाळखोर व्यक्तीवर घराच्या एकूण उत्पन्नातल्या त्या व्यक्तीच्या स्वतःच्या वाट्याएवढाच भार टाकला जातो.

पुन्हा तेच चौघांचं घर. नवरा दिवाळखोर, हातात ५,५००, हप्ता ४००, घर चालवायला ५,१००. बायकोने नोकरी धरली, तिच्या हातात २,५०० येऊ लागले. घराचं उत्पन्न ८,०००, जादा ३,३००, त्याचे निम्मे १,६५०. उत्पन्नात नवऱ्याचा वाटा पावणेएकोणसत्तर टक्के, म्हणून हप्ता सुमारे १,१३४. चारशेचे अकराशे झाले हे बघून माणूस दचकतो आणि सल्ला खरा वाटू लागतो. पण उरलेली रक्कम बघा: ८,००० मधून १,१३४ गेले की घरात ६,८६६ राहतात. आधीपेक्षा १,७६६ डॉलर जास्त, दर महिन्याला.

तिच्या नोकरीमुळे पाळणाघराचे १,००० लागू लागले तर ते उत्पन्नातून वजा होतात. जादा रक्कम २,३०० वर येते, निम्मे १,१५०, आणि नवऱ्याच्या वाट्याला त्याहून कमी. अगदी पूर्ण १,१५० भरावे लागले असं धरलं तरी पाळणाघर आणि हप्ता देऊन ५,८५० उरतात. ती घरी बसली असती तर ५,१०० होते. शिवाय नोकरीचा अनुभव, पेन्शनची वर्गणी आणि तिच्या स्वतःच्या नावाची पत या गोष्टी कुठल्याच हप्त्यात जात नाहीत. नव्या देशात आधीच शिक्षणाला मान्यता मिळवताना बायकांची वर्षं वाया जातात. चुकीच्या ऐकीव माहितीवर त्यात आणखी एकवीस महिन्यांची भर घालायला कुणी सांगू नये.

एकच घर असं असू शकतं जिथे तिचा पगार सुरू झाल्याने मुदत नऊवरून एकवीसवर जाईल. तिथेही वरच्याच पद्धतीने दोन्ही बाजूंची बेरीज करून बघावी, तिच्या एकवीस महिन्यांच्या पगारासकट.

आणि तिचं उत्पन्न कळवायचं की नाही, यावर घरात वाद असेल तर हेही ठाऊक असावं: जोडीदाराने माहिती द्यायला नकार दिला, तर ट्रस्टी हिशेब वेगळ्या पद्धतीने करू शकतो, आणि चौघांच्या घरासाठी असलेल्या मोठ्या मर्यादेचा फायदा हातचा जाऊ शकतो. तिच्या पगाराची पावती पत्रकाला जोडणं हेच सहसा स्वस्त पडतं.