शंका बरोबर, दूध चुकीचं: मंगळवार पेठेतल्या आजींना उत्तर

आजी, नमस्कार.

‘पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन उतरतं, घाबरू नका’ या आमच्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून सवडीने लिहितोय. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लेक बाळंतपणाला माहेरी आली, सिझर झालं, मुलगी झाली. जन्मवजन ३ किलो १०० ग्रॅम, चौथ्या दिवशी घरी सोडताना २ किलो ८२०, बाराव्या दिवशी त्याच दवाखान्यातल्या काट्यावर २ किलो ८६०. ‘दहा टक्क्यांपर्यंत घट चालते’ हे आमचं वाक्य दाखवून लेक निर्धास्त राहिली. शेवटी तुम्हीच आपल्या कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरचं (जिथे म्हैस समोर पिळून देतात) म्हशीचं दूध निम्मं पाणी घालून सुरू केलंत आणि महिना भरला तेव्हा पोरगी साडेतीन किलोची झाली. ‘तुमचे तक्ते ठेवा तुमच्यापाशी, अडाणी समजता काय आम्हाला’, असा शेवट.

अडाणी तर अजिबात नाही. तुमच्या आकड्यांवरूनच बोलूया, कारण ते आमच्या लेखातल्या वाक्यापेक्षा जास्त बोलके आहेत.

चौथ्या दिवसापर्यंत २८० ग्रॅम गेले, म्हणजे ९ टक्के. पोटातून आलेलं जादा पाणी लघवीवाटे जातं, काळी शी बाहेर पडते आणि चीक असतो चमचा-दोन चमचे, त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळाचं वजन तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत उतरतंच. सात टक्क्यांपर्यंत कोणी फारसं विचारत नाही. सिझरमध्ये आईला सलाईन भरपूर गेलेलं असेल तर बाळाच्या अंगातही पाणी जास्त असतं, जन्मवजन थोडं फुगलेलं निघतं आणि घट जास्त दिसते. त्यात सिझरनंतर दूध उतरायला एखादा दिवस उशीर होऊ शकतो. तेव्हा ९ टक्क्यांवर बाळाला घरी सोडलं यात गैर काही नाही. मात्र दोन दिवसांत पुन्हा वजन करायला बोलावणं गरजेचं होतं.

खरी गडबड पुढच्या आठ दिवसांत आहे. चौथ्या ते बाराव्या दिवसात वाढ फक्त ४० ग्रॅम, म्हणजे रोजचे ५. पाचव्या दिवसापासून बाळाने रोज २० ते ३५ ग्रॅम धरायला हवेत. अगदी २५ ने हिशोब केला तरी बाराव्या दिवशी काटा ३ किलो २० च्या आसपास हवा होता. जन्मवजन दहा ते चौदा दिवसांत परत यायचं, इथे त्यापासून २४० ग्रॅम लांब. म्हणजे तुमची शंका शंभर टक्के बरोबर होती आणि आमचं वाक्य अर्धवट. दहा टक्के हा आकडा पहिल्या चार-पाच दिवसांपुरता आहे. पुढे ‘किती उतरलं’ हे विचारायचंच नसतं, ‘रोज किती चढतंय’ हे विचारायचं. लेखात ते नव्हतं. आज घातलं.

आता म्हशीच्या दुधाचं. बाराव्या दिवसापासून तिसाव्यापर्यंत १८ दिवसांत ६४० ग्रॅम, रोज ३५ च्या वर. यावरून एवढंच सिद्ध होतं की पोरगी उपाशी होती आणि पोटात काहीतरी गेल्यावर वाढली. आईचं दूध निकस होतं असं सिद्ध होत नाही. आईच्या दुधात १०० मिलीला साधारण १ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हशीच्या दुधात ४ च्या आसपास. निम्मं पाणी घातलंत तरी प्रथिनं आणि क्षार आईच्या दुधाच्या दुपटीच्या घरात राहतात, आणि उष्मांक मात्र आईच्या दुधापेक्षाही खाली येतात. जास्तीचे क्षार बाहेर टाकायचं काम त्या एवढ्याशा मूत्रपिंडांवर पडतं, त्याला पाणी लागतं, आणि कोल्हापूरच्या एप्रिल-मेमध्ये अंगातलं पाणी आधीच घामावाटे जात असतं. शिवाय या दुधात लोह जवळजवळ नाही. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो, वरच्या दुधावर वाढलेलं गुटगुटीत बाळ वर्षाच्या आसपास पांढरंफटक दिसतं ते यामुळे.

कट्ट्यावर समोर पिळलेलं फेसाळ दूध पिणं हा आपल्या गावाचा मान आहे, मोठ्यांनी जरूर प्यावं. तान्ह्या बाळाला ते न उकळता देणं म्हणजे जनावराचे जंतू थेट पाजणं. तुम्ही उकळून दिलंत असं धरून चालतो. वर्षाच्या आत मात्र उकळलेलंही मुख्य दूध म्हणून नको.

मग बाराव्या दिवशी काय करायचं होतं? आधी शोधायचं की दूध आत का जात नाही. बहुतेक वेळा दूध असतं, बाळ ते ओढत नसतं.

पाजताना बाळाच्या हनुवटीकडे बघा. तोंड जांभई दिल्यासारखं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतोय, खाली जवळजवळ नाही, अशी पकड हवी. सुरुवातीला बाळ चुटूचुटू भराभर ओढतं. दूध सुटलं की चाल बदलते: हनुवटी खाली जाते, क्षणभर तिथेच थांबते, मग गिळल्याचा बारीक आवाज येतो. ओढ, थांब, घोट. हनुवटीचा तो थांबा म्हणजे तोंड भरल्याची खूण. अर्धा तास नुसतं चुटूचुटू चाललं असेल तर बाळ पीत नाहीये, चोखतंय. आई म्हणते अर्धा तास पाजलं, काटा म्हणतो काही गेलंच नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

दुसरं कारण घड्याळ. ‘पाच मिनिटं इकडे, पाच मिनिटं तिकडे’ हा सल्ला अजून फिरतोय. सुरुवातीचं दूध पातळ असतं, शेवटाकडे स्निग्धांश वाढत जातो. एक बाजू बाळाने स्वतः सोडेपर्यंत द्यायची, मग दुसरी. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. तीन तास झोपलं तर उठवून, दुपटं काढून, तळव्यांना चोळून पाजायचं. ‘आमचं बाळ फार गुणी, रडतच नाही’ हे पहिल्या दोन आठवड्यांत ऐकलं की आम्हाला धास्ती वाटते. उपाशी बाळ आधी रडतं, मग दमतं, मग नुसतं झोपतं.

तिसरं आपल्या घरातलं. मधाचं बोट, पाण्याचा चमचा, गुटी. बाराव्या दिवशी बाळाचं पोट एका वेळी ४०-५० मिलीचं, त्यात १० मिली गुटी गेली तर तेवढं दूध मागे राहिलं. जायफळाचे वेढे चार जास्त पडले तर बाळ गुंगीत जातं आणि पाजण्याची एक वेळ बुडते. मधात कधीकधी असे जिवाणू असतात की ज्यांच्या विषाने तान्ह्या बाळाचे स्नायू ढिले पडतात, म्हणून वर्षाच्या आत मध नाहीच. आणि बाळंतिणीला ‘पाणी कमी पी, पोट सुटेल’ म्हणणं बंद करा. अळिवाची खीर, डिंकाचा लाडू खुशाल द्या, पण दूध लाडवाने वाढतं त्यापेक्षा स्तन रिकामे झाल्याने कितीतरी जास्त वाढतं.

पकड सुधारून दोन दिवसांत काटा हलला नाही तर वरून द्यावंच लागतं, त्यात कमीपणा नाही. पाजून झाल्यावर हाताने किंवा पंपाने काढलेलं आईचंच दूध आधी, बोंडल्याने नाहीतर वाटी-चमच्याने. बाहेर ठेवलं तर चार तासांत संपवायचं, फ्रीजमध्ये चोवीस तास. २ किलो ८६० च्या बाळाला दिवसाला साधारण ४३० मिली लागतं, त्यातलं किती अंगावरून जातंय यावर वरचं किती हे डॉक्टर ठरवतात. तेही पुरलं नाही तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून डब्याची पावडर, आणि मिसळताना डब्यावरचं माप तंतोतंत. बहुतेक डब्यांवर ३० मिली उकळून गार केलेल्या पाण्याला एक सपाट चमचा असं असतं. डबा महाग म्हणून दोन चमच्यांत १२० मिली करणं हा हमखास घोटाळा: पोट भरतं, वजन नाही.

तुमची नात आता दीड महिन्याची आहे म्हणता. वरचं दूध आज एकदम तोडू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा (खाजगी परवडत नसेल तर सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, आहेच), म्हशीच्या दुधाच्या जागी काय द्यायचं ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. प्रत्येक वेळी आधी अंगावर, मग वरचं. बाटली नको. वाढ टिकून राहिली तर डॉक्टरांशी बोलून दोन-तीन दिवसांनी वरच्या दुधाचं माप थोडं उतरवत आणायचं. या वयात स्तन मऊ लागतात आणि बाळ संध्याकाळी दर अर्ध्या तासाला मागतं, त्यावरून ‘दूध आटलं’ असा निकाल देऊ नका. दोन्ही गोष्टी दीड महिन्यात नेहमीच्या आहेत.

काटा रोज लागत नाही, लंगोट रोज दिसतात. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी चांगल्या ओल्या लंगोटी, लघवी फिकट. शी पहिल्यांदा काळी, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी. पाचव्या दिवशीही काळीच असेल, किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर लंगोटीवर विटेच्या भुकटीसारखा डाग दिसत असेल तर आत दूध जात नाहीये. टाळू खोल गेलेली, बाळ उठवूनही तोंड लावत नाही, अंग तापलंय किंवा गार पडलंय, पिवळेपणा तळव्यांपर्यंत उतरलाय, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र झाली तरी. टाळूत तेल भरल्याने खोल गेलेली टाळू वर येत नाही, ती पाण्याअभावी गेलेली असते.

तक्त्यांवरचा तुमचा राग समजतो, कारण तक्ता बहुतेक ठिकाणी पास-नापास म्हणून वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये आणलेला तक्ता सहा देशांतल्या बाळांवर बेतलेला आहे, त्यात दिल्लीतली बाळंही होती, तेव्हा ‘हे गोऱ्यांच्या पोरांचं’ हा आक्षेप टिकत नाही. महिन्याच्या मुलीसाठी मधली रेघ ४ किलो २००, खालची इशाऱ्याची ३ किलो २००. तुमची नात साडेतीनवर, म्हणजे मर्यादेत. एका ठिपक्याने काही कळत नाही. पुढचे ठिपके रेघेला समांतर जातात की रेघा ओलांडून खाली येतात, ते बघायचं. शेजारच्या बाळाशी तुलना तर सोडाच.

दोन वजनांत काटा बदलला की हिशोब संपला. भाजीच्या काट्यावर १०० ग्रॅम इकडेतिकडे होतात, भरलेली लंगोट तेवढीच, नुकतंच पाजलेलं दूध आणखी ५०-६०. आठवड्याची वाढच १५०-२०० ग्रॅम असते, ती अशी सहज गिळली जाते.

शेवटी तुम्ही मोठ्या नातवाचं लिहिलंय, नवव्या महिन्यापासून वजन ‘दातामुळे’ थांबलं असं. दातामुळे बाळ एखादा दिवस कमी खाईल, महिनाभर वजन थांबत नाही. सहा महिन्यांनंतर वाढ मंदावते हे खरं: मधल्या रेघेवरचा मुलगा सहा ते नऊ महिन्यांत किलोभर वाढतो, नऊ ते बारा महिन्यांत ७०० ग्रॅम. मंदावणं वेगळं, थांबणं वेगळं. बहुतेक घरांत कारण भांड्यात दिसतं: भाताची पेज, डाळीचं वरचं पाणी, पातळ आंबील. चमचा तिरपा केला आणि घास ओघळून गेला तर त्यात पाणीच जास्त. चमच्यावर टिकेल इतकं घट्ट हवं. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, सावलीत वाळवून, हलकी भाजून दळली की तिची खीर कमी चिकट होते, तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं. त्यात चमचाभर तूप. मुगाची मऊ खिचडी, कुस्करलेलं अंडं, आणि घरात शिजतं तर तिखट पडायच्या आधी बाजूला काढलेलं बारीक मटण. नवव्या महिन्यापासून अर्धी वाटी (२५० मिलीची) तीन-चार वेळा, शिवाय अंगावरचं चालूच. तरीही दोन महिने वजन जागचं हललं नाही तर लघवीची तपासणी आणि हिमोग्लोबिन करून घ्या.

नातीचं वजन येत्या सोमवारी सकाळी करा. पाजण्याआधी, लंगोट काढून, बाराव्या दिवशी ज्या काट्यावर केलंत त्याच काट्यावर. मग पुढच्या सोमवारी तसंच. दोन्ही आकडे, आणि त्या आठवड्यात वरचं दूध दिवसाला किती मिली गेलं ते इथेच खाली लिहा. फरक १४० ग्रॅमच्या खाली आला तर लिहिण्याच्या आधी डॉक्टरांकडे जा.