‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ हा बॅकअपवरचा इलाज नाही

‘बॅकअपला अ‍ॅक्सेस डिनाइड येतंय? सॉफ्टवेअर रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा, फोल्डरला एव्हरीवन फुल कंट्रोल द्या, तरी नाही झालं तर अँटिव्हायरस बंद करा. शंभर टक्के चालतं.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. (एव्हरीवन फुल कंट्रोल म्हणजे कोणालाही फोल्डरमध्ये वाचायची, लिहायची, पुसायची मुभा.) मी छोट्या ऑफिसांचे बॅकअप सांभाळतो आणि हे उपाय करून झाल्यावर निस्तरायला मला बोलावतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेलं नॅसचं (नेटवर्कवर सगळ्यांसाठी ठेवलेल्या साठवणीच्या डब्याचं) फोल्डर ज्या लॉगिनमधून जोडलं, त्यापुरतंच असतं. अ‍ॅडमिन म्हणून सॉफ्टवेअर उघडलं की विंडोजच्या लेखी ते वेगळं सेशन, आणि तिथे सहसा झेड दिसतच नाही. मग अ‍ॅक्सेस डिनाइड जाऊन पाथ सापडत नाही असा एरर येतो आणि माणूस अजूनच चक्रावतो. रात्री टास्क शेड्यूलरमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी विंडोजची सोय) सिस्टिम अकाउंटखाली, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या खात्यातून चालणाऱ्या बॅकअपचंही हेच होतं. तिथे ड्राइव्हचं अक्षर नको, नॅसच्या नावासकट पूर्ण नेटवर्क पाथ द्या. शिवाय तुमच्या पीसीचा अ‍ॅडमिन नॅसला ठाऊक नसतो, त्याची युजरची यादी वेगळी. आणि फक्त फाइली वाचायचाच प्रश्न असेल, तर विंडोजमध्ये बॅकअप ऑपरेटर्स नावाचा ग्रुप याच कामासाठी आहे.

एव्हरीवन फुल कंट्रोलचा मला खरंच राग येतो. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, ज्या युजरच्या लॉगिनमध्ये घुसतं, त्याला जिथे लिहिता येतं ते सगळं कुलूपबंद करू शकतं. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभर काय केलं ते आपण पाहिलं. बॅकअपचं फोल्डरच सगळ्यांना उघडं ठेवलं, तर मूळ फाइल आणि तिची प्रत एकाच दिवशी जातात. नॅसवर फक्त बॅकअपसाठी वेगळा युजर काढा, लिहायची परवानगी त्यालाच द्या, आणि त्याचा पासवर्ड रोजच्या लॉगिनमध्ये सेव्ह करू नका. बरं, एव्हरीवन देऊनही अनेकदा काम होत नाही, कारण नेटवर्कवर शेअर करताना दिलेली परवानगी आणि फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमधली परवानगी यांत जी कडक, तीच चालते.

अँटिव्हायरस बंद करायची गरज नाही. विंडोज 10 पासून विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस नावाची सोय आहे. ते चालू असेल तर अनोळखी सॉफ्टवेअरला डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही. तिथल्या परवानगीच्या यादीत बॅकअपचं सॉफ्टवेअर घाला, बस.

मेसेजमध्ये लॉग, म्हणजे बॅकअपच्या सॉफ्टवेअरची नोंदवही, उघडा असं कुठेच म्हटलेलं नाही, आणि सगळं तर तिथेच लिहिलेलं असतं. एरर 5 म्हणजे परवानगी नाही. 32 म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवलीय, तिथे परवानग्यांना हात लावायचाच नाही, शॅडो कॉपी (उघड्या फाइलीचीही प्रत घेऊ देणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघायचं. 1326 म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकला.

एका ऑफिसात मी लॉग उघडला तेव्हा सहा रात्री ओळीने 1326 होता. नॅसचा पासवर्ड बदलला होता, सॉफ्टवेअरमध्ये जुनाच राहिला होता. तोवर मेसेज वाचून कोणीतरी अख्ख्या ड्राइव्हला एव्हरीवन देऊन ठेवलेलं, पगाराचं फोल्डरही कोणालाही उघडता येत होतं. नवा पासवर्ड टाकल्यावर बॅकअप दोन मिनिटांत सुरू झाला. परवानग्या पहिल्यासारख्या करायला मात्र दीड दिवस गेला, कारण बदलण्याआधी त्या आयकॅकल्स (icacls) या विंडोजच्या कमांडने सेव्ह केलेल्या नव्हत्या.